मॅटर काय टाकू?

२०२४च्या फेब्रुवारीतला तिसरा आठवडा. १८ तारखेला, रविवारी, छत्तीसगडमधल्या डोंगरगडला जैन आचार्य विद्यासागर महाराजांनी सल्लेखना घेऊन देह ठेवला. मंगळवारी मुंबईत रेडिओ निवेदक अमीन सयानी गेले. बुधवारी दिल्लीत कायदेपंडित फली नरीमन. आणि शुक्रवारी, २३ तारखेला, एकाच दिवशी दोन बातम्या आल्या: माजी मुख्यमंत्री मनोहर जोशी गेले आणि कारंज्याचे आमदार राजेंद्र पाटणी गेले. या पाचांपैकी तिघांशी वाशिम जिल्ह्याला काही ना काही नातं सांगता येतं. सयानी आणि नरीमनांशीही जोडता येईल, पण ते ओढूनताणून होईल.

वाशिमला बसस्थानकाच्या बाजूला एक फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, नेत्याचं स्वागत आणि श्रद्धांजली या तीन गोष्टींवर ते चालतं. दुकानाचा मालक पन्नाशीतला. समोरच्या स्टुलावर येऊन बसणारे त्याचे जुने इतिहासाचे शिक्षक, निवृत्त. गेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवावी यावर त्या आठवड्यात दोघांची जुंपली आणि पुढंही जुंपतच राहिली. मी अधूनमधून जाऊन ऐकत होतो. नावं देत नाही. दोघांनाही आपलं नाव इतक्यात छापून यायला नको आहे. सगळे त्यांना 'सर' आणि 'भाऊ' म्हणतात, तसंच लिहितो.

सर: तुझ्या कॉम्प्युटरमध्ये श्रद्धांजलीची एक फाइल आहे. तीच उघडतोस, फोटो बदलतोस, नाव बदलतोस. दोन बाजूंना दोन समया, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', खाली 'शोकाकुल'. गेलेल्याचा फोटो एक आणि शोकाकुलांचे सोळा. तो माणूस कोण होता हे मात्र अख्ख्या फ्लेक्सवर कुठं सापडत नाही.

भाऊ: सर, गिऱ्हाईक आलं की मी पयला प्रश्न तोच इचारतो, मॅटर काय टाकू? ते म्हनते, तुमच्या हिशेबानं टाका. आता माह्या हिशेबानं मी काय टाकनार? अन् तो कोन होता हे गावाले मालूम असते ना. जे मालूम हाये ते काहून छापाचं?

सर: आज मालूम असतं. वीस वर्षांनी चौकाला त्याचं नाव असेल, आणि त्या चौकात उभ्या असलेल्या पोराला विचार की हे कोण, तर सांगेल, 'असतील कोणी नेते'.

भाऊ: मंग ते पोरगं तुमच्याच शाळेत शिकलेलं असन.

सर हसले नाहीत. त्यांना हा टोमणा नवा नसावा.

सर: बरं, मग तुझीच परीक्षा घेतो. मनोहर जोशींचा आणि वाशिमचा संबंध सांग.

भाऊ: शिवसेनेचे होते. पंत म्हनायचे त्यायले. युतीचं सरकार आलं तवा पयले मुख्यमंत्री.

सर: १४ मार्च १९९५ ला झाले. आणि आपला जिल्हा कधी झाला?

भाऊ: अठ्ठ्यान्नवले. एक जुलैले.

सर: मग मुख्यमंत्री कोण होते त्या दिवशी?

भाऊ: ... हाव ना. जोशीच होते.

सर: १ जुलै १९९८. अकोल्यातून वाशिम वेगळा निघाला, त्याच दिवशी धुळ्यातून नंदुरबार. इंग्रजांच्या काळात 'बासीम' हा जिल्हाच होता, १९०५ मध्ये तो मोडून अकोल्याला जोडला. म्हणजे त्र्याण्णव वर्षांनी जिल्हा परत मिळाला. आणि ज्याच्या कारकिर्दीत मिळाला तो माणूस गेला, त्याच दिवशी त्या जिल्ह्याचा एक विद्यमान आमदार गेला. या जिल्ह्यात कोणी या दोन गोष्टी एका ओळीत लिहिल्या? तू तरी लिहिल्यास?

भाऊ: माह्याकडं पंतांचा फ्लेक्स कोनी सांगितलाच नाई. पाटणीसाहेबांचे सांगितले.

सर: तेच म्हणतोय मी.

भाऊ: पन सर, मानूस रडते कोनासाठी? ज्याच्या दारात जाऊन बसला, ज्यानं दवाखान्यात फोन लावून देल्ला, पोराच्या लग्नात आला, त्याच्यासाठी. जिल्हा कोनी देल्ला यासाठी कोनी रडत नाई. तुम्ही म्हनता लोकं इसरले. लोकं इसरले नाई, त्यायनं ठेवलंच नव्हतं ध्यानात.

इथं मला भाऊचं म्हणणं पटलं, आणि आजही पटतं. सरकारी निर्णयाशी माणसाचं नातं जडत नाही. जडतं ते तहसीलच्या पायऱ्यांवर भेटलेल्या माणसाशी. पण सरांचा मुद्दा त्यानं खोडला जात नाही. रडणं आणि नोंद ही दोन वेगळी कामं आहेत. आपल्याकडं पहिलं झालं की दुसरंही उरकल्यासारखं वाटतं.

सर: जोशींचं तू काय लिहिलं असतंस?

भाऊ: 'महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री, लोकसभेचे माजी अध्यक्ष, कुशल संघटक, यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' बस.

सर: मी लिहिलं असतं, रायगडातल्या नांदवीत १९३७ ला जन्म. १९६१ मध्ये कोहिनूर नावाची तांत्रिक शिक्षणाची संस्था काढली. मुख्यमंत्री असताना वाशिम आणि नंदुरबार हे जिल्हे झाले. पुण्यातल्या भूखंडाच्या प्रकरणाचं वादळ उठलं आणि जानेवारी १९९९च्या अखेरीस पद सोडावं लागलं, नारायण राणे आले. पुढं २००२ ते २००४ लोकसभेचे अध्यक्ष.

भाऊ: भूखंडाचं काहून टाकाचं? तेरवी तं होऊ द्या सर! चूल पेटली नाई घरात अन् तुम्ही भूखंड काढता.

सर: तेरवीनंतर कोण लिहितं? चौदाव्या दिवशी सगळं बंद. तेरा दिवस बोलायचं नाही आणि चौदाव्या दिवशी विषय संपला, अशी आपली सोय आहे.

भाऊ: बोलत नाई कसं? मैताहून आल्यावर हातपाय धुतले की टपरीवर तेच चालते. कोनाचं किती वावर होतं, कोनाले किती देल्ले, कोनाचे बुडवले. टपरीवर भूखंड भी निघते अन् आनखी बरंच निघते. फ्लेक्सवर काहून पाहिजे?

सर: टपरीवरच्या गोष्टीला तारीख नसते, म्हणून ती दर वर्षी वाढते. आज एक भूखंड, दहा वर्षांनी अर्धं पुणं. तू फ्लेक्सवर देव करतोस, टपरीवाला राक्षस करतो, आणि मधला माणूस दोघांनाही सापडत नाही. नोंद असली की उलट माणसाचाच बचाव होतो. इतकंच झालं, याहून जास्त नाही, असं म्हणता येतं.

भाऊनं यावर काही उत्तर दिलं नाही. एक गिऱ्हाईक आलं होतं. दहा बाय आठचा, वाढदिवसाचा, उद्या सकाळी पाहिजे. मॅटर तुमच्या हिशेबानं टाका.

राजेंद्र पाटणींचं काय लिहावं, यावर मात्र पुढं काही महिन्यांनी दोघांची गाडी वेगळ्याच रुळावर गेली. सरांचा आग्रह साध्या तपशिलाचा होता: २००४ ला पाटणी शिवसेनेकडून कारंज्याचे आमदार झाले, २००९ ला ही जागा राष्ट्रवादीच्या प्रकाश डहाकेंकडे गेली, २०१४ आणि २०१९ ला पाटणी भाजपकडून निवडून आले, दीर्घ आजारानंतर आमदार असतानाच गेले. चार ओळी. त्यात कुठं निंदा नाही, कुठं स्तुती नाही.

भाऊ: चार ओळीत तुम्ही एक गोष्ट सोडली सर. डहाकेसाहेब भी गेले. अन् मंग नोव्हेंबर २०२४ची निवडनूक आली. पाटणीसाहेबांचे चिरंजीव ज्ञायक उभे राह्यले शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून. डहाकेसाहेबांच्या सौभाग्य... नाई, पत्नी सईताई उभ्या राह्यल्या भाजपकडून. अन् निवडून आल्या. म्हंजे ज्या घरात घड्याळ होतं तिथं कमळ गेलं, ज्या घरात कमळ होतं तिथं तुतारी गेली.

सर: हे तुझ्या फ्लेक्सवरून कळलं असतं कोणाला?

भाऊ: फ्लेक्सवरूनच तं कळते! गेलेल्या मानसाचा फोटो कोन्या नेत्याच्या बाजूले बसवाचा, हे मले गिऱ्हाईक सांगते. वर डाव्या कोपऱ्यात कोन, उजव्या कोपऱ्यात कोन. पाच वर्षांपूर्वीचा फ्लेक्स अन् आजचा फ्लेक्स बाजूबाजूले लावा, अख्खं राजकारन समजते. फोटो तोच, शेजारी बदलले.

सर: मग ठेवतोस का पाच वर्षांपूर्वीचे?

भाऊ: हार्डडिस्क भरली की डिलीट मारतो.

या एका वाक्यावर सरांनी कपाळाला हात लावला. मला वाटतं, त्या दुकानातल्या डिलीट झालेल्या फायलींमध्ये वाशिमचा पंधरा-वीस वर्षांचा इतिहास गेला असेल. कुठल्याही ग्रंथालयाला, कुठल्याही नगर परिषदेला तो मागावासा वाटला नाही. कारंज्याच्या जैन मंदिरांमधल्या भट्टारकांनी शेकडो वर्षं हस्तलिखितं जपली, त्या गावापासून हे दुकान तासाभराच्या अंतरावर आहे.

अमीन सयानींवर दोघं फार थांबले नाहीत. १९५२ ला रेडिओ सिलोनवर 'बिनाका गीतमाला' सुरू झाली, बुधवारी रात्री आठ वाजता लागायची, सयानी ९१ वर्षांचे होऊन गेले, एवढं सरांनी सांगितलं. भाऊनं मोबाइलवर त्यांचा आवाज लावला आणि दोघं गप्प बसले. ज्याचं काम ध्वनिमुद्रित आहे त्याला श्रद्धांजलीची फारशी गरज लागत नाही.

आचार्य विद्यासागरांकडं आल्यावर मात्र भाऊ सावरून बसला.

भाऊ: महाराज २०२२च्या चातुर्मासाले आपल्या शिरपूरले होते. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरापाशी. कुठून कुठून लोकं येत होते. मी स्वागताचे फ्लेक्स छापले, पन सर, तिथं मी भी जाऊन बसलो. मी जैन नाई. मले त्यायचं प्रवचन अर्धंमुर्धं समजलं. पन तो मानूस गेला असं ऐकलं तवा मले धक्का बसला. आता यात तुमची नोंद काय कामाची?

सर: नोंद सांगेल की ते बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे, १९४६ चे. मातृभाषा कानडी, आणि 'मूकमाटी' हे महाकाव्य लिहिलं हिंदीत. नोंद हेही सांगेल की शिरपूरच्या मंदिराला दिगंबर-श्वेतांबर वादामुळं चाळीसेक वर्षं कुलूप होतं, आणि महाराजांचा चातुर्मास झाला तेव्हाही ते पूर्ण उघडलेलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडलं. तू जिथं बसला होतास ती जागा काय होती, हे तुला आता जास्त कळलं की कमी?

भाऊ: जास्त कळलं. पन बसलो होतो तवा जे वाटलं त्यात यानं काही भर पडली नाई.

सर: पडायला नकोच. तुझ्या वाटण्याला मी कुठं हात लावतोय?

भाऊ: लावता ना. तुम्ही बोलता तं असं वाटते की ज्याले तारखा पाठ नाई त्यानं दुःख करू नये.

सरांच्या बोलण्यात हा ताठा आहे खरा. तपशिलाचा ध्यास धरणाऱ्या माणसाला कधीकधी वाटू लागतं की आपण मृतांचे वकील आहोत आणि बाकीचे नुसते बघे. भाऊनं ते बरोबर हेरलं होतं. पण पुढचा विषय त्यानंच काढला आणि तिथं तोच अडकला.

भाऊ: पोहरादेवीचंच घ्या. मानोरा तालुक्यातलं एवढुसं गाव. बंजारा समाजाचे धर्मगुरू रामराव महाराज गेले तो दिवस मले पाठ हाये, कोजागिरी होती.

सर: ३० ऑक्टोबर २०२०. मुंबईत, लीलावती रुग्णालयात.

भाऊ: कोरोना होता. जमू नका, जमू नका म्हनून राह्यले होते. तरी लोकं थांबले का? तेलंगणातून, कर्नाटकातून, आंध्रातून जे बंजारा लोकं रामनवमीले पोहरादेवीले येते, त्यायले कोन्या पुस्तकानं सांगितलं होतं का हे कोन होते म्हनून? अन् आता पाहा, बंजारा समाजाचं संग्रहालय झालं. ५ ऑक्टोबर २०२४ ले पंतप्रधान आले, उद्घाटन केलं, सेवालाल महाराजांच्या समाधीवर गेले, रामराव महाराजांच्या समाधीवर गेले, नगारा वाजवला. यापेक्षा मोठी आठवन कोनती?

सर: संग्रहालय झालं, फार चांगलं झालं. वाशिमसारख्या जिल्ह्यात एवढी मोठी वास्तू उभी राहिली, याचा मला अभिमानच आहे. आता तू सांग. रामराव महाराज आयुष्यभर तांड्यातांड्यावर फिरले. दारू सोडा, लेकरं शिकवा म्हणाले. कोणत्या तांड्यावर कधी गेले? कोणी ऐकलं, कोणी नाही ऐकलं? कोणत्या तांड्यातली पहिली पोरगी त्यांच्या सांगण्यावरून शाळेत गेली? ती बाई आज साठ-पासष्टची असेल. तिच्याकडं कोणी जाऊन बसलं?

भाऊ: बंजारा समाजात ढाडी असते, भाट असते. वंशावळ गाऊन सांगते ते. पिढ्यान्‌पिढ्या. तुमच्या वहीची गरज नाई त्यायले.

सर: अगदी बरोबर. ढाडी म्हणजे नोंद ठेवणाराच माणूस. फक्त तो लिहीत नाही, गातो. त्याला नावांचा क्रम चुकवून चालत नाही. एक बाप वगळला तर समोर बसलेला म्हातारा त्याला तिथंच थांबवेल. तुझ्या फ्लेक्सवाल्यांना कोणी थांबवतं का?

भाऊ: म्हंजे ढाडी तुमच्या बाजूनं गेला.

सर: ढाडी पहिल्यापासून माझ्याच बाजूला होता, बाबू. तूच त्याला तुझ्या बाजूला धरून बसला होतास.

इथवर सर जिंकत आले होते, आणि जिंकणारा माणूस करतो ती चूक त्यांनी केली. त्यांनी वाकाटक काढले. वाशिमच्या इतिहासाच्या शिक्षकाला वाकाटक काढल्याशिवाय राहवत नाही. वाशिम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. पण अशी स्वतंत्र शाखा होती हे गेल्या शतकापर्यंत कोणाच्या ध्यानात नव्हतं. १९३९ मध्ये वाशिमला विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट सापडला, त्यात सर्वसेन या त्याच्या बापाचं नाव होतं. अजिंठ्याच्या १६ क्रमांकाच्या लेण्यातल्या लेखातही सर्वसेनाचं नाव होतंच, पण झिजलेल्या अक्षरांमुळं ते आधी वाचलं गेलं नव्हतं, महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी ते नव्यानं वाचलं. एक राजा जवळजवळ दीड हजार वर्षं विसरला गेला आणि एका तांब्याच्या पत्र्यानं परत आला. सरांनी हे मोठ्या रंगात सांगितलं.

भाऊ: त्या पत्र्यावर लिहिलं काय होतं? राजाची श्रद्धांजली?

सर: नाही. ते दानपत्र होतं. राजानं ब्राह्मणांना गाव दान दिलं, त्याचा दस्त. सुरुवातीला वंशावळ संस्कृतात, पुढचा सरकारी मजकूर प्राकृतात.

भाऊ: म्हंजे सातबारा! सर, राजाची आठवन सातबाऱ्यानं ठेवली. त्याची आठवन ठेवाची म्हनून कोनी लिहिलंच नव्हतं. जमिनीचं काम होतं म्हनून नाव आलं. अन् त्या सर्वसेनानं सोताहून काही लिहिलं होतं का नाई?

सर: लिहिलं होतं. 'हरिविजय' नावाचं प्राकृत काव्य. मोठमोठ्या काव्यशास्त्रज्ञांनी वाखाणलेलं.

भाऊ: कुठं हाये?

सर: हरवलं. आनंदवर्धनानं उल्लेख केला, हेमचंद्रानं केला, कोणी कोणी त्यातले श्लोक उदाहरणाला घेतले. तेवढंच उरलं.

भाऊ: मंग मी काय म्हनून राह्यलो इतके दिवस? वही हरवली. लोकायच्या तोंडी जे राह्यलं ते उरलं.

सर: तोंडी नाही रे. दुसऱ्यांच्या वह्यांत.

भाऊ: पन आवडलं म्हनून घेतलं ना त्यायनं? आठवन ठेवाची म्हनून नाई घेतलं. आवडलं म्हनून.

सरांनी चहा मागवला. मला वाटतं, त्या दिवशीचा तो सगळ्यात चांगला मुद्दा होता आणि तो दहावीत इतिहासात काठावर पास झालेल्या माणसानं मांडला होता. माणसं आठवणीत राहतात ती बऱ्याचदा दुसऱ्याच कामाच्या निमित्तानं. कोणाला जमीन द्यायची होती, कोणाला श्लोकाचं उदाहरण हवं होतं. वाशिमच्या बालाजी मंदिरात रोज शेकडो माणसं जातात. अठराव्या शतकात ते बांधणारा भवानी काळू त्यांतल्या कितीजणांना ठाऊक असेल? तरी मंदिराचं नाव निघालं की त्याचं नाव कुठंतरी येतंच.

मग भाऊनं तुकडोजी महाराजांची मोझरी काढली. त्याच्या घरात गुरुदेव सेवा मंडळाचं वातावरण. वडील सामुदायिक प्रार्थनेला बसायचे.

भाऊ: सर, तुम्ही मोझरीले गेले हा पुण्यतिथीले?

सर: गेलोय की.

भाऊ: तुकडोजी महाराज गेले १९६८ ले. दर वर्षी तिथं लाखो लोकं जमते. मौन श्रद्धांजली असते. भाषन नाई, फोटोची धक्काबुक्की नाई. जो जिथं असन तो तिथं उभा राहते. यस्टीतून उतरलेला यस्टीपाशी, स्वयंपाकातला स्वयंपाकात. एवढी गर्दी अन् आवाज नाई. याले म्हनते श्रद्धांजली. यात तुमची तारीख कुठं हाये, वही कुठं हाये?

सर: किती वाजता उभे राहतात?

भाऊ: चार वाजून अठ्ठावन मिनिटांनी.

सर: पाच वाजता का नाही?

भाऊ: महाराज गेले तीच वेळ हाये म्हनून.

सर: ती कोणाला कशी कळली?

भाऊ: कोनीतरी पाह्यली असन घडीत.

सर: पाहिली आणि धरून ठेवली. पाच म्हणाला नाही. आसपास म्हणाला नाही. पन्नासहून जास्त वर्षं लाखो माणसं एका माणसानं घड्याळात पाहिलेल्या मिनिटावर उभी राहतात. मी इतके दिवस याहून वेगळं काय मागत होतो?

भाऊ: पन सर, नुसती वेळ लिहून कोनी ठेवली असती अन् कोनी उभं राह्यलं नसतं, तं?

सर: तर ती वेळ एखाद्या फाइलमध्ये पडली असती.

भाऊ: अन् माह्यासारख्यानं डिलीट मारली असती.

दोघंही हसले. पण समेट झाला असं कोणी समजू नये. पुढच्या वेळी मी गेलो तेव्हा जुलै उजाडला होता आणि भाऊकडं कृषी दिनाचं काम आलं होतं. १ जुलै ही वसंतराव नाईकांची जयंती, १९१३ चा जन्म. अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेला हा माणूस पुसद तालुक्यातल्या गहुलीचा, म्हणजे वाशिमच्या वेशीवरचाच. त्यामुळं त्या दिवशी जिल्ह्याचा वर्धापनदिन कृषी दिनाच्या सावलीत जातो. सरांना त्याची खंत आहे. त्यांनी भाऊला सुचवलं की या वेळी स्वखर्चानं एक फ्लेक्स लावू: 'वाशिम जिल्हा, स्थापना १ जुलै १९९८', आणि खाली त्या काळच्या माणसांची नावं.

भाऊ: लावू ना. मॅटर द्या. पयलं नाव पंतांचं घेतो. पुढं?

सर: पुढं... तेव्हाचे मंत्री, आमदार, खासदार.

भाऊ: ते देल्लेवाले झाले. मागनारे कोन होते? मोर्चात चालले, निवेदनं घेऊन मुंबईले गेले, तहसीलसमोर बसले, ते? रिसोडचे, मालेगावचे, मंगरुळपीरचे? वकील असतीन, मास्तर असतीन, अडतवाले असतीन. त्यायची यादी कोनाकडं हाये?

सर: अशी छापील यादी कुठं नाही.

भाऊ: तुमच्याकडं भी नाई?

सर: काही नावं आहेत. अर्धी. तेव्हा जे चाळिशीत होते ते आता सत्तरीच्या घरात आहेत. जे पन्नाशीत होते, त्यांच्यातले किती राहिले देव जाणे.

भाऊ: म्हंजे सर, पंतांचं तुम्ही तारखेसकट सांगता, वाकाटकांचं सांगता, अन् आपल्या गल्लीतल्या मानसाचं तुमच्याकडं भी नाई अन् माह्याकडं भी नाई. माह्याकडं तं ते येनारच हायेत. आज ना उद्या. एकेक करून. समया लावलेली फाइल तयारच हाये.

सर: म्हणूनच म्हणतो, त्यांच्याकडं जाऊन बसायला हवं.

भाऊ: असं करू. त्यायच्यापैकी कोनाचा फ्लेक्स आला की मी छापाच्या आधी तुम्हाले फोन करतो. तुम्ही मॅटर सांगा, मी टाकतो. फुकट टाकतो.

सर: अरे, गेल्यावर फोन करून काय उपयोग? तेव्हा विचारू कोणाला? आधी कर.

भाऊ: आधी कसा करू सर? गिऱ्हाईक तं गेल्यावरच येते.